अल्बर्ट हॉल कुणाचा?

लतादीदींची पुण्यतिथी ६ फेब्रुवारीला असते. २०२२ पासून त्या दिवशी आमच्या ऑफिसात मस्टरवर सही होण्याआधीच मोबाईलवर एक ठरलेला मजकूर चार-पाच जणांकडून येऊन पडतो: लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गाणारी पहिली भारतीय, आपल्या मंगेशीची कन्या वगैरे वगैरे. खाली हात जोडलेली चित्रे. एकदा आमच्या सेक्शनमधल्या नव्या मुलीने तो वाचून विचारले, "सर, हा अल्बर्ट हॉल जयपूरला ना? आम्ही कॉलेजच्या ट्रिपला बघितला होता."

सगळे हसले. मला मात्र वाटले की प्रश्न काही इतका वेडा नाही. जयपूरलाही अल्बर्ट हॉल आहेच, तिथे म्युझियम आहे. तो मुलाच्या नावाचा आणि लंडनचा बापाच्या नावाचा. बाप म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट. मुलगा म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्स अल्बर्ट एडवर्ड, जो पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आला. असो. तिला मी हे सांगितले आणि ती "अच्छा" म्हणून आपल्या फायलीकडे वळली. मी मात्र दिवसभर त्या हॉलमध्येच अडकलो. एवढ्या जणांनी तो मजकूर पुढे पाठवला, पण त्यातल्या कितीजणांना तो हॉल काय आहे हे ठाऊक असेल? आणि ठाऊक नसताना त्याचे नाव आपल्याला एवढे भारदस्त का वाटते?

आमच्या वाड्यावर हा हॉल दोन वाटांनी आला होता. पहिली वाट माझ्या वडिलांची. दीदींच्या १९७४ च्या तिथल्या कार्यक्रमाच्या एचएमव्हीने तबकड्या काढल्या होत्या. आमच्याकडे तबकडी लावायचे यंत्र कुठले असायला! तेव्हा बाजारात तबकडीवरून कॅसेट भरून देणारी दुकाने असत. वडिलांनी तशी भरून आणली. कॅसेटवर सुरुवातीला दिलीपकुमारांनी उर्दूत करून दिलेली दीदींची ओळख आहे. ती लागली की वडील घरात कुणाला हूं की चूं करू देत नसत. आम्हा मुलांना त्यातले अर्धेअधिक कळत नसे. मला कळत त्या टाळ्या. गाणे संपल्यावर टाळ्या सुरू होत आणि संपतच नसत. मंगेशीच्या जत्रेत जमतात त्याहून जास्त माणसे तिथे असणार, असा माझा हिशेब होता.

दुसरी वाट शेजारच्या ख्रिस्ती घरातली. आमच्या गावात अशी घरे मोजकीच. तिथले म्हातारे गृहस्थ सारी उमर बोटीवर काढून परतले होते. त्यांच्यापाशी बीटल्सची १९६७ ची 'सार्जंट पेपर्स' होती. तिच्यातल्या शेवटच्या गाण्यात अल्बर्ट हॉलचे नाव येते म्हणून त्यांनी एकदा मला ते मुद्दाम ऐकवले. मला इंग्रजी कळेना, तेव्हा त्यांनी कोकणीतून समजावले: एका गावच्या रस्त्यावर इतके इतके खड्डे आहेत, आणि तेवढ्या खड्ड्यांनी अल्बर्ट हॉल भरतो म्हणे. मला वाटले म्हातारा थट्टा करतो. पुष्कळ वर्षांनी वाचले तेव्हा कळले की खरेच तसे आहे. लँकेशायरमधल्या ब्लॅकबर्न गावच्या नगरपालिकेने रस्त्यावरचे खड्डे मोजले, ते चार हजार भरले, ही बातमी पेपरात आली आणि जॉन लेननने ती गाण्यात घातली. (खड्डे मोजणारी नगरपालिका! आमच्याकडे मोजायला घेतले तर किती हॉल लागतील?)

तर एकाच वाड्यावर वडिलांसाठी अल्बर्ट हॉल म्हणजे देवघर आणि शेजाऱ्यांसाठी एका चावट गाण्यातली कोटी. लहानपणी मला वाटे दोन्ही हॉल वेगळे असावेत. आज वाटते की त्या हॉलचे मोठेपण दोन्ही गोष्टी एकदम असण्यातच आहे, आणि आपण मात्र त्यातले देवघर तेवढे उचलले.

इमारत म्हणून पाहू गेलो तर तिची कुंडली काही फार चांगली नव्हती. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाला जो नफा झाला त्यातून दक्षिण केन्सिंग्टनची जमीन घेतली गेली. तिथे कला आणि विज्ञानाची केंद्रे व्हावीत हे अल्बर्टचे स्वप्न. तो १८६१ मध्ये वारला. १८६७ मध्ये राणीने पायाचा दगड बसवला आणि आधी ठरलेल्या 'कला व विज्ञान सभागृह' या नावापुढे नवऱ्याचे नाव जोडले. २९ मार्च १८७१ रोजी उद्घाटन झाले. राणीला भरून आले, बोलवेना, म्हणून मुलाने, म्हणजे तो जयपूरवाला, हॉल खुला झाल्याचे जाहीर केले. आणि त्याच दिवशी कळले की हॉल घुमतो! भाषणाचा शब्द वर घुमटात जाऊन परत खाली येई. पुढे इंग्रजांत एक विनोदच रूढ झाला: ब्रिटिश संगीतकाराला आपली रचना दोनदा ऐकायची हमी फक्त याच हॉलमध्ये मिळते.

आपल्याला गोव्यात घुमट म्हटले की आधी मातीचे वाद्य आठवते, आरतीला वाजते ते. सरकारने २०१९ मध्ये त्याला राज्याचे वारसा वाद्य ठरवले. आमचे घुमट घुमले तर कौतुक, त्यांचे घुमले तर पंचाईत. त्यांनी आधी वर कापड ताणून पाहिले. शेवटी १९६९ मध्ये फायबरग्लासच्या १३५ मोठ्या चकत्या छताला टांगल्या. लोक त्यांना 'मशरूम' म्हणतात, म्हणजे आपली अळमी. फोटोत निळसर उजेडात त्या तरंगताना दिसतात. म्हणजे दोष ध्यानात आल्यापासून उपाय होईपर्यंत ९८ वर्षे गेली. सरकारी नोकराला हा आकडा वाचून किती धीर येतो म्हणून सांगू! पण यातली खरी गोष्ट पुढेच आहे. त्या ९८ वर्षांत हॉल घुमतो म्हणून कुणी कुलूप घातले नाही. लोक दोनदा ऐकत राहिले.

आणि काय काय ऐकले, पाहिले! स्त्रियांच्या मताधिकाराच्या सभा तिथे झाल्या. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल १९३० मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या आत्म्याला बोलावण्यासाठी हजारो माणसे तिथे जमली. व्यासपीठावर त्यांच्यासाठी एक रिकामी खुर्ची ठेवली होती. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९३३ मध्ये, त्याच हॉलमध्ये जर्मनी सोडून आलेला आइन्स्टाइन बोलला. मुष्टियुद्धे झाली, टेनिस झाले. १९९१ मध्ये जपानी सुमो मल्ल तिथे पाच दिवस एकमेकांना ढकलत होते. १९६९ पासून 'मिस वर्ल्ड' स्पर्धाही तिथे होऊ लागली आणि १९७० मध्ये स्त्री-मुक्तीवाल्या बायकांनी पिठाच्या पुड्या फेकून ती उधळली. त्यावर २०२० मध्ये सिनेमाही आला. इथे गोवेकराच्या मनात एक हळहळ उठते. आपली रीटा फारिया १९६६ मध्ये जगत्सुंदरी झाली ती लंडनमध्येच, पण लायसियम बॉलरूममध्ये. तीन वर्षे उशिरा झाली असती तर आपल्या मोबाईलवर आणखी एक मजकूर फिरता!

नाटकसिनेमावाल्यांनी तर हॉलला पात्रच करून टाकले. हिचकॉकने 'द मॅन हू न्यू टू मच' हा सिनेमा दोनदा काढला, १९३४ मध्ये आणि १९५६ मध्ये. दोन्ही वेळा खुनाचा प्रसंग अल्बर्ट हॉलमधला. वाद्यवृंद वाजतोय, मारेकरी बॉक्समध्ये पिस्तूल घेऊन बसलाय आणि झांजांच्या आवाजात गोळीचा आवाज दडवायचा बेत आहे. दुसऱ्या सिनेमात हा प्रसंग दहा-बारा मिनिटे चालतो आणि एक संवाद नाही. आपण वाजवणाऱ्याच्या हातातल्या झांजांकडे बघत बसतो. मी स्वतः भजनात टाळ वाजवलेला माणूस. एक टाळी चुकली तर बुवा डोळे वटारतात एवढेच भय मला ठाऊक होते. टाळीगणिक मुडदा पडू शकतो हे हिचकॉकने दाखवले.

पण सगळ्यांत मासलेवाईक कथा बॉब डिलनची. मे १९६६ मध्ये तो विजेची गिटार घेऊन इंग्लंडभर फिरत होता आणि जुने चाहते चिडले होते. एका कार्यक्रमात प्रेक्षकांतून कुणीतरी "ज्यूडास!" म्हणून ओरडला, म्हणजे विश्वासघातकी. त्या कार्यक्रमाची चोरटी ध्वनिमुद्रिका जगभर फिरली आणि तिच्यावर नाव होते 'रॉयल अल्बर्ट हॉल'. प्रत्यक्षात तो प्रसंग १७ मेचा, मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधला. अल्बर्ट हॉलमध्ये डिलन नंतर गायला, २६ आणि २७ तारखेला. कंपनीने १९९८ मध्ये ते मुद्रण अधिकृतपणे काढले तेव्हा चूक माहीत असूनही अल्बर्ट हॉल हे नाव ठेवले, फक्त अवतरणचिन्हांत. मग २०१६ मध्ये खऱ्या अल्बर्ट हॉलचे मुद्रण काढले तेव्हा त्यावर 'खरा' असे लिहावे लागले. बिचारे मँचेस्टर! घटना त्याची आणि पाटी दुसऱ्याची.

माझे म्हणणे इथेच सुरू होते. नाव एकदा एवढे मोठे झाले की जे तिथे घडले नाही तेही त्याच्या खात्यावर जमा होते, आणि जे घडले त्याचे श्रेयही माणसांकडून काढून हॉलला दिले जाते. आपला तो फेब्रुवारीचा मजकूर याच जातीचा. 'अल्बर्ट हॉलमध्ये गायल्या' असे म्हणताना आपला सूर असा असतो, जणू गोऱ्या साहेबाने बोलावून शाल-श्रीफळ दिले. अहो, तो हॉल भाड्याने मिळतो. सुमो मल्लांना मिळाला, आत्मे बोलावणाऱ्यांनाही मिळाला. 'पहिली भारतीय' या किताबातही मला फारशी गोडी नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात जॉर्ज हॅरिसनच्या पुढाकाराने रविशंकरांसह आपल्या कलाकारांचा मोठा ताफा तिथे वाजवून गेला. पहिले कोण, दुसरे कोण हे शर्यतीत बघतात.

मग १९७४ मध्ये त्या संध्याकाळी मोलाचे असे काय घडले? मी त्या टाळ्या आता पुन्हा ऐकतो तेव्हा वाजवणाऱ्यांचा विचार करतो. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून भारतीयांना हाकलले होते. त्यांतले हजारो लोक एकेक सुटकेस घेऊन ब्रिटनमध्ये उतरले होते, आणि त्यांत गोवेकरही होते. कुणी कारखान्यात लागले, कुणी कोपऱ्यावर दुकान टाकले. ज्या शहरात आपले आडनाव धड कुणी उच्चारत नाही, त्या शहराच्या राणीने नवऱ्याच्या आठवणीसाठी बांधलेल्या हॉलमध्ये आपली माणसे बसली आहेत आणि समोर आपली बाई आपल्या भाषेत गाते आहे. त्या टाळ्या संपत नव्हत्या यात नवल ते काय? त्या रात्रीपुरता अल्बर्ट हॉल त्यांचा होता. हॉलने दीदींना मोठे केले नाही, त्या दोघांनी मिळून, म्हणजे दीदींनी आणि त्या लोकांनी, हॉल आपल्या घराघरांत आणून सोडला. माझ्या वडिलांना त्या कॅसेटशिवाय अल्बर्ट कोण हे कळायचे काहीच कारण नव्हते.

आणखी एक गोष्ट आपण त्या मजकुरात सोयीने गाळतो. दीनानाथांच्या आई येसूबाई या मंगेशीच्या देवळाच्या सेवेतल्या कलावंत. आपल्या देवळांच्या सभामंडपात पिढ्यान्‌पिढ्या ज्या बायका गायल्या त्यांचे गाणे आपल्याला हवे होते, त्यांचे नाव मात्र आपण हलक्या आवाजात घेत होतो. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, सगळ्यांना नाव कमवायला गाव सोडून मुंबई गाठावी लागली. म्हणजे येसूबाईंच्या नातीला लंडनमध्ये टाळ्या मिळाल्या याचा अभिमान आपण बाळगायचा, पण तिच्या आजीला आपल्या गावात मान का मिळाला नाही हे विचारायचे नाही. 'मंगेशीची कन्या' लिहिताना निदान एवढे तरी आठवावे.

आता जरा आपल्या हॉलकडे येऊ. पणजीला मांडवीच्या काठी कांपालला कला अकादमी आहे. चार्ल्स कोरियांनी आखलेली ही वास्तू १९८३ मध्ये उभी राहिली. तिथल्या मुख्य नाट्यगृहाचे नाव दीनानाथ मंगेशकर कलामंदिर. म्हणजे लेकीच्या नावाशी अल्बर्ट हॉल जोडलेला आणि बापाचे नाव आपल्या हॉलला. कोरियांनी या नाट्यगृहाच्या भिंतींवर मारिओ मिरांडांकडून जुन्या थिएटरातले बॉक्स आणि त्यांत बसलेले प्रेक्षक रंगवून घेतले. खाली खुर्च्या रिकाम्या असल्या तरी भिंतीवरचे प्रेक्षक हजर! अल्बर्ट हॉलमध्ये याच्या उलट. सव्वापाच हजार जागांपैकी बाराशेहून अधिक खुर्च्या खासगी मालकीच्या आहेत. हॉल बांधताना १०० पौंड भरणाऱ्याला एक खुर्ची ९९९ वर्षांच्या लीजवर मिळाली. लीज संपणार सन २८६६ मध्ये. (आमच्या मामलेदार कचेरीतल्या जुन्या दाव्यांची आठवण झाली.) काही मालक आपली तिकिटे चढ्या भावाने विकतात म्हणून तिथेही बरीच ओरड झाली आहे.

पण त्याच हॉलमध्ये उन्हाळ्यात 'प्रॉम्स' होतात. मूळचे १८९५ चे, क्वीन्स हॉलमधले. तो हॉल १९४१ मध्ये जर्मन बॉम्बने जळला म्हणून त्याच वर्षी ते अल्बर्ट हॉलमध्ये आले. तिथे मधल्या मोकळ्या जागेत उभे राहून ऐकायचे स्वस्त तिकीट असते. माझा एक मामेभाऊ स्विंडनला गोदामात काम करतो. गोव्यातली किती तरी पोरे तिथे आहेत. तो एकदा आठ पौंड देऊन उभा राहून आला. रात्री मला फोन करून म्हणाला, "दादा, म्हजे पांय मोडले." मग म्हणाला की पुढे वाजवणारे इतक्या जवळ होते की व्हायोलिनवाल्याने पान उलटलेलेही ऐकू आले. कोणती रचना होती ते त्याला सांगता आले नाही.

यापेक्षाही मला भिडला तो १९९६ चा 'ब्रास्ड ऑफ' सिनेमा. यॉर्कशायरमधल्या कोळसा खाणीचे गाव. खाण बंद होणार आहे आणि खाणकामगारांचा ब्रास बँड राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीसाठी अल्बर्ट हॉलला पोचतो. तो जिंकतो, आणि म्हातारा बँडमास्तर व्यासपीठावरून करंडक नाकारून आपल्या माणसांविषयी बोलतो. ही कथा बरीचशी ग्रिमथॉर्पच्या बँडवरून सुचलेली. त्यांनी १९९२ मध्ये, खाणी बंद करण्याची घोषणा झाली त्याच महिन्यात, अल्बर्ट हॉलमध्ये खरोखरच राष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती. आमच्या डिचोली तालुक्यात खाणी बंद पडल्या २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये. ट्रक दारात उभे राहून गंजले. त्या दिवसांत मी हा सिनेमा पाहिला आणि पाहून संपल्यावर बराच वेळ कुणाशी बोललो नाही.

कारण असाच रस्ता आमच्याकडेही आहे. गावोगावची भजनी मंडळे आधी आपापल्या विभागात गातात आणि निवड झाली तर कला अकादमीत अंतिम फेरीला जातात. मी शाळेत असताना आमच्या मुलांच्या पथकाची एकदा निवड झाली होती. गावातून टेंपो केला. पखवाज मध्ये ठेवून आम्ही भोवती बसलो. वडील बुवांच्या शेजारी, इस्त्रीचे धोतर सावरत. पणजीचा पूल ओलांडताना ते मागे वळून आम्हाला म्हणाले, "आयज आमचो आल्बर्ट हॉल." आम्हाला बक्षीस मिळाले नाही. माझी टाळी एका ठिकाणी चुकली होती, ती माईकने सगळ्यांना ऐकवली. तरी गावात वर्षभर आमची ओळख 'अकादमीत गायलेली पोरे' अशीच होती.

म्हणून मला वाटते की हॉलला मोठेपण येते ते त्या टेंपोतून आणि आठ पौंडांच्या तिकिटातून. अल्बर्ट हॉल हे नाव बीटल्स, हिचकॉक, खाणकामगार, मल्ल आणि युगांडातून आलेले निर्वासित या सगळ्यांनी वापरून वापरून घडवले. आपण मात्र आपल्या हॉलविषयी बोलतो तेव्हा विषय दोनच, उद्घाटन आणि दुरुस्ती. त्याच्यावर एक विनोद रचला नाही, एक सिनेमा काढला नाही. तियात्रात तेवढे टोमणे येतात, तेवढाच काय तो जिवंतपणा. कला अकादमी २०२१ पासून नूतनीकरणासाठी बंद होती. जुलै २०२३ मध्ये काम चालू असताना खुल्या रंगमंचावरचा स्लॅब कोसळला. नोव्हेंबरात ती पुन्हा उघडली आणि मग आवाज आणि प्रकाशयोजनेविषयी कलाकारांच्या तक्रारी सुरू झाल्या. मी सरकारी नोकर आहे, याहून जास्त लिहिणार नाही. आवाजाचे मला तितकेसे वाटत नाही, लंडनवाल्यांनी ९८ वर्षे काढली. मला ते बंद राहणे लागले. त्या अडीच वर्षांत आमच्या गावची एक तुकडी लहान मुलांच्या गटातून बाहेर पडली, मिसरूड फुटले.

तो स्लॅब पडला त्या आठवड्यात आमच्या देवळात मुलांची तालीम चालू होती. आता टाळ माझा पुतण्या वाजवतो. तालीम संपल्यावर टाळ पिशवीत घालताना त्याने विचारले, "काका, यंदा निवड झाली तर फायनल खंय?"

मी म्हटले, "ऑफिसात विचारून सांगतो."